एका शेतकऱ्याचा नकार
(‘अ हिडन लाइफ’ या चित्रपटाच्या निमित्ताने)

हुतात्म्यांच्या कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. रोमन सम्राटापुढे उभी राहिलेली कोवळी कुमारिका, सिंहाच्या तोंडी दिलेला वृद्ध बिशप, क्रुसावर खिळलेला मिशनरी. या कथांनी आपली श्रद्धा पोसली यात शंका नाही. परंतु त्यांनी आपल्या मनात नकळत एक सोयीची समजूतही रुजवली आहे, ती अशी की ख्रिस्ती माणसाची परीक्षा पाहणारा नेहमी परधर्मी असतो, तो ‘तुझा देव नाकार’ असे स्पष्ट शब्दांत विचारतो, आणि त्या क्षणी सारी ख्रिस्तसभा हुतात्म्याच्या पाठीशी उभी असते. परीक्षा पाहणारे आपलेच शेजारी असतील, प्रश्न देवाविषयी नसून एका सरकारी कागदाविषयी असेल, आणि सही करावी असा सल्ला देणारे आपलेच धर्मगुरू असतील, तर? त्या वेळी धैर्य म्हणजे नेमके काय?

हा प्रश्न आमच्यापुढे पुन्हा उभा केला तो टेरेन्स मॅलिक या अमेरिकन दिग्दर्शकाच्या ‘अ हिडन लाइफ’ या चित्रपटाने. २०१९ च्या कान महोत्सवात तो प्रथम दाखवला गेला आणि तेथे त्याला सर्वपंथीय ख्रिस्ती परीक्षकांचा पुरस्कार मिळाला. ऑस्ट्रियातील फ्रान्झ येगरश्टेटर या शेतकऱ्याची ही सत्यकथा आहे. सुमारे तीन तासांचा हा संथ चित्रपट प्रत्येकाला रुचेल असे नाही. तो निर्दोष आहे असेही आम्ही म्हणणार नाही. तरीही आपल्या कुटुंबांतून तो पाहिला जावा, आणि पाहून झाल्यावर त्याच्याशी थोडे भांडलेही जावे, असे आम्हांस मनापासून वाटते.

प्रथम मूळ हकीकत थोडक्यात सांगणे इष्ट. फ्रान्झचा जन्म २० मे १९०७ रोजी संक्ट राडेगुंड या सीमेलगतच्या खेड्यात एका अविवाहित मातेच्या पोटी झाला. वडील पहिल्या महायुद्धात मारले गेले. पुढे आईने ज्याच्याशी विवाह केला त्या शेतकऱ्याने या मुलाला आपले नाव दिले. शिक्षण गावच्या लहानशा शाळेपुरते. तारुण्यात तो काहीसा उनाड होता. गावात पहिली मोटारसायकल त्यानेच आणली. विवाहापूर्वी त्याला एक मुलगीही झाली होती. १९३६ साली फ्रान्झिस्का या धर्मनिष्ठ तरुणीशी त्याचा विवाह झाला आणि नवदांपत्य रोमच्या यात्रेला गेले. त्यांना तीन मुली झाल्या. १९३८ च्या एप्रिलमध्ये ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन करण्यावर मतदान झाले, तेव्हा देशाच्या बिशपांनीही लोकांना अनुकूल मत देण्यास सांगितले होते. फ्रान्झने ‘नाही’ असे मत दिले. गावातले ते एकमेव विरोधी मत होते.

१९४० मध्ये त्याला सैन्याचे बोलावणे आले. तो गेला, काही महिने प्रशिक्षण घेऊन परतला. पण आता हे युद्ध अन्याय्य आहे अशी त्याची खात्री झाली होती. परत आल्यावर तो गावच्या चर्चचा सॅक्रिस्टन झाला. रोज मिस्साला जाऊ लागला. १९४३ च्या फेब्रुवारीत पुन्हा बोलावणे आले, तेव्हा त्याने एन्स येथील छावणीत जाऊन आपण हिटलरसाठी शस्त्र धरणार नाही असे सांगितले. जखमींची शुश्रूषा करण्याची त्याने तयारी दाखवली. ती मान्य झाली नाही. ६ जुलै १९४३ रोजी बर्लिनच्या लष्करी न्यायालयाने त्याला देहान्ताची शिक्षा दिली आणि ९ ऑगस्ट रोजी ब्रांडेनबुर्गच्या तुरुंगात त्याचा शिरच्छेद झाला. तो त्या वेळी छत्तीस वर्षांचा होता.

ही कथा पडद्यावर आणताना मॅलिक यांनी एक गोष्ट फार जाणतेपणाने केली आहे. त्यांनी फ्रान्झच्या धैर्याला भाषणबाजी चिकटू दिलेली नाही. गवत कापणारे हात, विळ्याची धार, बटाट्यांची काढणी, विहीर, दूध, मुलींचा आंधळी कोशिंबीर खेळ यांतून आपल्याला प्रथम त्या घराची ओढ लागते. आणि मग हे सारे हळूहळू हिरावले जाताना पाहावे लागते. नकार म्हणजे काय काय गमावणे, याचा हिशेब दिग्दर्शक शब्दांनी मांडत नाही, दाखवतो. गाव कसे पाठ फिरवते, हेही त्याने अचूक टिपले आहे. उघड मारहाण क्वचितच. बहुतेक वेळा रस्त्यात नमस्कार न करणे, मदतीला न येणे, स्त्रियांनी थुंकणे. आपल्या गावगाड्यात वाढलेल्या कोणालाही हे बहिष्काराचे शास्त्र नवे नाही.

चित्रपटातील दोन प्रसंग आमच्या मनातून जात नाहीत. एकात, चर्चच्या भिंतींवर चित्रे रंगवणारा एक वृद्ध चित्रकार फ्रान्झला सांगतो की, आपण लोकांना आवडेल असा सुखाचा ख्रिस्त रंगवतो. खरा ख्रिस्त रंगवण्याचे धाडस अजून आपल्याला झालेले नाही. ही केवळ त्या चित्रकाराची कबुली नव्हे. आपल्या सजवलेल्या वेदी, आपले सणावारांचे थाट आणि आमचे हे नियतकालिकही त्या कबुलीत सामील आहे. दुसऱ्या प्रसंगात, शिक्षा सुनावण्यापूर्वी न्यायाधीश फ्रान्झला खासगीत बोलावून विचारतो की, तू माझा न्याय करतोस काय? फ्रान्झ तसे काही करत नाही. जे चूक आहे असे आपल्याला वाटते ते आपल्याच्याने होणार नाही, एवढेच त्याचे म्हणणे. तो निघून गेल्यावर न्यायाधीश आरोपीच्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसतो. ब्रुनो गान्झ या थोर नटाने ही भूमिका मृत्यूपूर्वी काही काळ आधी केली. त्या दृश्यात संवाद नाही, तरी साऱ्या चित्रपटाचा अर्थ तेथे एकवटला आहे.

आता आमच्या तक्रारी. पहिली तक्रार निसर्गाविषयी. चित्रपटात गावामागे उंच, ढगांत शिरलेले पर्वत दिसतात. चित्रीकरणाचा मोठा भाग इटलीच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलुखात झाला. खरे संक्ट राडेगुंड साल्झाख नदीकाठचे, लहानमोठ्या उंचवट्यांचे साधे शेतीचे गाव आहे. हा फरक क्षुल्लक नव्हे. त्या शिखरांच्या पार्श्वभूमीवर फ्रान्झची सदसद्विवेकबुद्धी जणू तेथल्या स्वच्छ हवेतूनच जन्मली असे वाटू लागते. पण तीच हवा नगराध्यक्षही घेत होता. शेणाच्या उकिरड्यालगत, धान्याचे भाव आणि गाईगुरांची आजारपणे यांच्या चिंतेत, शेकडो साध्या घरांसारख्याच एका घरात हा नकार पिकला. सौंदर्याने माणसे धीट होत असती, तर जगातले सगळे डोंगरी लोक हुतात्मे झाले असते.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. चित्रपटातला फ्रान्झ जवळजवळ मुका आहे. ‘हे मला चूक वाटते’ यापलीकडे तो फारसा जात नाही. त्यामुळे प्रेक्षकाला वाटावे की, हा एक भोळा, हट्टी, अंतःप्रेरणेने चालणारा माणूस होता. खरा फ्रान्झ तसा नव्हता. त्याने वह्या लिहिल्या, तुरुंगातून पत्रे लिहिली, पवित्र शास्त्र आणि संतचरित्रे वाचून प्रश्न उभे केले. रशियाविरुद्धचे युद्ध हे धर्मशत्रूंविरुद्धचे युद्ध आहे असे त्या काळी सांगितले जाई. फ्रान्झने विचारले की, मग आपल्याला तेथील खनिजे, तेलविहिरी आणि सुपीक जमिनी कशाला हव्यात? सत्तेच्या आज्ञेचे पाप केवळ आज्ञा देणाऱ्याच्या माथी जाते, हा युक्तिवादही त्याने तपासून नाकारला. बिशपांच्या मौनाविषयी तो कडवट झाला नाही. तेही आपल्यासारखेच रक्तामांसाचे आहेत, त्यांनाही दुर्बलता ग्रासू शकते, असे त्याने समजुतीने लिहिले. शाळा जेमतेम शिकलेल्या एका शेतकऱ्याने एवढा स्वच्छ विचार केला, ही या चरित्रातील सर्वांत विस्मयकारक गोष्ट आहे, आणि नेमकी तीच दिग्दर्शकाने कुजबुजीत आणि संगीतात विरघळवून टाकली आहे. ख्रिस्ती धैर्य ही भावना आहे असा त्यामुळे समज होतो. ते एका घडवलेल्या विवेकाचे फळ आहे, आणि विवेक प्रार्थनेने, वाचनाने व प्रश्न विचारण्याने घडतो, हे चित्रपट पुरेसे सांगत नाही. उनाड तारुण्यापासून रोजच्या ख्रिस्तप्रसादापर्यंतचा त्याचा प्रवासही जवळजवळ गाळला आहे. उनाड मुलगा हुतात्मा होतो, हे पाहण्याची आपल्या तरुणांना गरज होती.

तिसरी तक्रार भाषेची. चित्रपटात फ्रान्झ आणि त्याची पत्नी फानी इंग्रजी बोलतात. आरडाओरडा करणारे नाझी अधिकारी मात्र जर्मन बोलतात आणि त्याचे भाषांतरही दिले जात नाही. म्हणजे चांगले ते आपल्या भाषेत आणि वाईट ते परक्या भाषेत. पण हिटलरचा जन्म ज्या ब्राउनाउचा, ते गाव फ्रान्झच्या घरापासून फार दूर नाही. दोघांची बोलीही एकाच मुलुखाची. दुष्टपणा परभाषेतच बोलतो असे वाटणे धोक्याचे आहे. तो बहुधा आपल्याच मातृभाषेत, आपल्याच घरगुती शब्दांत बोलतो.

आता त्या अवघड विषयाकडे वळू, ज्याची आपल्या वाचकांना सर्वाधिक बोच लागेल. फ्रान्झ लिंझचे बिशप योसेफ फ्लीसर यांना भेटायला गेला होता. युद्धाच्या न्याय-अन्यायाची जबाबदारी तुझ्यासारख्या प्रापंचिकावर नाही, तू आपल्या कुटुंबाचा विचार कर, असा त्यांचा सल्ला पडला. गावचे धर्मगुरूही त्याचा जीव वाचावा म्हणून त्याचे मन वळवीत राहिले. चित्रपटात हे आले आहे, पण त्याचा उत्तरार्ध आलेला नाही. युद्ध संपल्यावर, १९४६ साली, फ्रान्झविषयीचा एक लेख धर्मप्रांताच्या पत्रात छापण्यास याच बिशपांनी नकार दिला. ज्यांनी निमूटपणे कर्तव्य म्हणून प्राण दिले ते कॅथलिक तरुण सैनिकच त्यांना अधिक थोर वीर वाटत होते. त्यांच्यावर दगड मारणे सोपे आहे. परंतु हजारो घरांतून मुलगे युद्धात गेले होते. एका फ्रान्झला संत म्हणणे म्हणजे त्या सर्व आयांना काय सांगणे, ही त्यांची अडचण खोटी नव्हती. अडचण खरी असूनही निर्णय चुकीचा असू शकतो, एवढेच आम्ही म्हणू.

मग हे नाव जगापुढे आले कसे? गॉर्डन झान या अमेरिकन कॅथलिक समाजशास्त्रज्ञाला हिटलरच्या काळातील जर्मन कॅथलिकांचा अभ्यास करताना ही हकीकत सापडली आणि १९६४ मध्ये त्याने फ्रान्झवर पुस्तक लिहिले. येथे आपल्या वाचकांना अभिमान वाटावा असा एक दुवा आहे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेच्या अखेरच्या सत्रात, १९६५ साली, ज्यांनी फ्रान्झचे उदाहरण लेखी निवेदनाद्वारे परिषदेपुढे ठेवले, ते आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स हे येशूसंघीय धर्मगुरू १९३७ ते १९५० या काळात मुंबईचे आर्चबिशप होते. वसईची धर्मग्रामे त्या वेळी मुंबई धर्मप्रांतातच मोडत. मुंबईची सूत्रे भारतीय माणसाच्या हाती जावीत म्हणून ज्याने स्वतःहून आपले आसन रिकामे केले, त्या इंग्रज महागुरूला एका ऑस्ट्रियन शेतकऱ्याचा एकाकी नकार समजला, यात आम्हांला आश्चर्य वाटत नाही. विवेकापोटी शस्त्र धरण्यास नकार देणाऱ्यांशी कायद्याने माणुसकीने वागावे, असे मार्गदर्शन त्या परिषदेच्या आधुनिक जगाविषयीच्या दस्तऐवजात पुढे आले. १९९७ च्या मे महिन्यात बर्लिनच्या न्यायालयाने फ्रान्झची शिक्षा रद्दबातल ठरवली आणि २६ ऑक्टोबर २००७ रोजी लिंझच्या कॅथेड्रलमध्ये त्याला धन्यवादित घोषित करण्यात आले. ज्या धर्मप्रांताने त्याचे नाव छापण्यास नकार दिला होता, त्याच धर्मप्रांताच्या मुख्य मंदिरात. ख्रिस्तसभा चुकते, आणि उशिरा का होईना, गुडघे टेकते. या दोन्ही गोष्टी आपल्या मुलांना सांगितल्या पाहिजेत.

त्या सोहळ्यात चौऱ्याण्णव वर्षांची फ्रान्झिस्का उपस्थित होती. आणि येथेच तो प्रश्न येतो, जो प्रत्येक घरात विचारला जाईल, की त्या तीन मुलींचे काय? बापाला आपला आत्मा शुद्ध राखण्यासाठी लेकरांना पोरके करण्याचा अधिकार आहे काय? हा प्रश्न टाळून फ्रान्झचा गौरव करणे आम्हांला अप्रामाणिक वाटते. फ्रान्झनेही तो टाळला नव्हता. त्याचे सर्वांत मोठे दुःख तेच होते. त्याचे उत्तर थोडक्यात असे होते की, मुलांवर प्रेम आहे म्हणून अन्यायात सामील होण्याची मुभा कोणत्याही बापाला मिळत नाही. आणि ज्यांच्यावर हे सैन्य चालून जाणार, त्यांनाही लेकरे आहेत. हे उत्तर कठोर आहे. ते पचायला आम्हांला वेळ लागला, आणि ते पूर्ण पचले आहे असे म्हणण्याचे धाडस आजही होत नाही.

पण चित्रपट या उत्तराला एक जोड देतो, आणि ती त्याची सर्वांत मोलाची देणगी आहे. ती म्हणजे फानी. व्हॅलेरी पाख्नर या अभिनेत्रीने ती भूमिका जीव ओतून केली आहे. बैल जुंपावेत तसे स्वतःला जुंपून दोघी बहिणी नांगर ओढतात, ते दृश्य पाहताना खरा हुतात्मा कोण, असा प्रश्न पडतो. फ्रान्झचे मरण एका दुपारी संपले. फानीचे पुढे सत्तर वर्षे चालले. प्रथम तिनेही त्याचे मन वळवण्याचा प्रयत्न केला होता. सारेच त्याच्या विरोधात आहेत हे पाहिल्यावर, आपणही बाजूला झालो तर त्याला कोणीच उरणार नाही, म्हणून ती त्याच्या बाजूला उभी राहिली. नवऱ्याच्या ‘हट्टा’चा दोष गावाने तिच्यावर ठेवला, विधवेचे निवृत्तिवेतन तिला कित्येक वर्षे नाकारले गेले. तिने तक्रार न करता शेत राखले, मुली वाढवल्या, नवऱ्याची पत्रे जपली. ती पत्रे जपली नसती तर आज आपल्याला फ्रान्झ कळलाच नसता. २०१३ च्या मार्चमध्ये, वयाची शंभर वर्षे पूर्ण केल्यावर, ती देवाघरी गेली. जॉर्ज एलियटच्या ‘मिडलमार्च’ या कादंबरीच्या अखेरच्या वाक्यातून घेतलेले चित्रपटाचे नाव, आमच्या मते, फ्रान्झपेक्षा फानीलाच अधिक शोभते.

येथे एका सावधगिरीची गरज आहे. सदसद्विवेकबुद्धीचे नाव घेऊन हट्ट करणारे आपल्यातही पुष्कळ आहेत. धर्मग्रामाच्या सभेत आपले ऐकले नाही म्हणून रुसणे, धर्मगुरूंशी वैर धरणे, भावाशी जमिनीच्या बांधावरून कोर्टात जाणे, यांनाही लोक ‘तत्त्वाचा प्रश्न’ म्हणतात. मग हट्ट आणि विवेक यांत फरक कसा करावा? फ्रान्झच्या चरित्रातून आम्हांला तीन खुणा सापडतात. त्याने आधी विचारले: धर्मगुरूंना, बिशपांना, पत्नीला, आणि प्रार्थनेत देवाला. दुसरे, जे करता येण्यासारखे होते ते त्याने नाकारले नाही. शुश्रूषेची तयारी दाखवली, फक्त शस्त्र व ती निष्ठा नाकारली. तिसरे, ज्यांनी सही केली त्यांचा त्याने तिरस्कार केला नाही. ज्याच्या तत्त्वाची किंमत दुसरेच मोजतात आणि ज्याला इतरांना पापी ठरवल्याशिवाय आपले तत्त्व सांगता येत नाही, त्याने आपला विवेक पुन्हा एकदा तपासून घ्यावा.

आपल्यापुढे हिटलरची शपथ नाही. आपल्यापुढे येतात ते लहान कागद. घराच्या नोंदणीवर खरेदीची किंमत कमी लिहायची असते. कामगाराला दिलेल्यापेक्षा अधिक पगार दिल्याची सही घ्यायची असते. दाखल्यासाठी टेबलाखालून पाकीट सरकवायचे असते. लग्नाच्या बोलणीत ‘आम्हांला काही नको, पण मुलीच्या हौसेने द्या’ असे म्हणून हुंडा स्वीकारायचा असतो. कार्यालयात एखाद्या निरपराध सहकाऱ्यावर ठपका येत असताना मान खाली घालून बसायचे असते. आणि प्रत्येक वेळी आपलेच कोणीतरी, बहुधा प्रेमानेच, म्हणते: ‘तुझ्या एकट्याने काय फरक पडणार आहे? बायकामुलांचा विचार कर.’ फ्रान्झलाही नेमके हेच सांगितले गेले होते, आणि सांगणाऱ्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. त्याच्या नकाराने युद्ध एक दिवसही लवकर थांबले नाही.

तरीही काही फरक पडला. एका घरात, एका गावात, एक माणूस असा होता की ज्याला विकत घेता आले नाही. ही बातमी वीस वर्षे एका बाईच्या कपाटात पत्रांच्या रूपाने पडून होती, आणि मग ती विश्वपरिषदेपर्यंत पोहोचली. चित्रपटात उणिवा आहेत. त्या आम्ही लपवल्या नाहीत. परंतु तो संपल्यावर घरातल्या कोणीतरी ‘आपण असतो तर?’ असे विचारले, आणि त्या प्रश्नावर त्या रात्रीच्या जेवणात थोडा वेळ कोणीच बोलले नाही, तर त्याचे काम झाले असे आम्ही मानू. बोलणे सुरू होईल तेव्हा आईवडिलांनी मुलांना एवढेच सांगावे की, फ्रान्झ एका दिवसात फ्रान्झ झाला नाही. तो रोज चर्चचे दार उघडत होता, रोज प्रार्थना करत होता, आणि रोज थोडे थोडे खरे बोलायला शिकत होता. मोठ्या नकाराची तयारी लहान लहान होकारांतून होते. ती तयारी आपल्याला आजच्या रोझरीपासूनही सुरू करता येईल.